न कापलेलं कुरण

तांबजाईच्या वाडीवर दुधाची गाडी शेवटची आली ती मार्गशीर्षातल्या एका सकाळी. त्या दिवशी ती दूध न्यायला आलीच नव्हती. ड्रायव्हरने मागचं फाळकं पाडलं, वाडीचे रिकामे कॅन एकेक करून उतरवले, रस्त्याच्या कडेला ओळीने मांडले आणि बिरू येडग्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "संकलन बंद झालं, आबा."

"बंद म्हंजे? उद्या सुट्टी हाय व्हय?"

"न्हाय. कायमचं."

बिरूच्या हातात पहाटे काढलेल्या दुधाची भरलेली घागर होती. ती त्याने खाली ठेवली नाही. गाडी वळून घाटाकडे दिसेनाशी होईपर्यंत तो ती तशीच कमरेवर धरून उभा राहिला. मग घरी येऊन त्याने ती चुलीपाशी ठेवली आणि बायकोला, हौसाला, म्हणाला, "खवा कर."

हौसाने दोन दिवस खवा केला. तिसऱ्या दिवशी तो घ्यायलाही कुणी उरलं नाही.

असं काही होणार, हे खरं तर सगळ्यांना ठाऊक होतं. यीस्टपासून दूध करायची युक्ती जुनी होती. म्हशीच्या पेशीत दूध कसं बनवायचं याच्या सूचना जनुकांत लिहिलेल्या असतात. त्या सूचना उचलून पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये बसवल्या, त्याला मोठ्या पोलादी टाकीत साखरपाणी पाजलं, की ते दुधातली प्रथिनं तयार करू लागतं. पण कितीतरी वर्षं हे दूध लोकांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. तापवलं तर त्यावर साय येत नसे आणि विरजलं तर चिकट पाणी व्हायचं. प्रथिनं होती, चरबी होती, पण त्यांची एकमेकांशी गाठ बसत नव्हती. मग बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत चरबीच्या प्रत्येक थेंबाला म्हशीच्या दुधातल्यासारखंच पातळ आवरण चढवण्याची रीत सापडली, आणि टाकीतल्या दुधाने साय धरली. गृहिणींनी दही लावून पाहिलं, चहा करून पाहिला, बासुंदी आटवून पाहिली. फरक कळेना. हे दूध स्वस्त होतं, नासत नव्हतं, त्याला पाणी कमी लागायचं आणि त्यात भेसळीचं भय नव्हतं. त्यात वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं. दोन वर्षांत राज्यातल्या बहुतेक डेअऱ्यांनी आपापल्या टाक्या उभ्या केल्या. त्यातली एक घाटाच्या पायथ्याशी आली आणि वाडीतल्या बायकांना तिथे काम मिळालं.

हौसाही जाऊ लागली. सकाळी बस यायची, संध्याकाळी सोडायची. टाक्या धुवायच्या नळ्या जोडायच्या, काटा बघायचा, वहीत आकडा लिहायचा. पहिल्या महिन्याच्या शेवटी ती ओट्यावर बसून स्वतःचे तळवे निरखत होती.

"बगा तरी," ती म्हणाली. "भेगा भरल्या. पस्तीस वर्सं शेण काढलं, धारा काढल्या, कवा भरल्या न्हाईत."

बिरूने तिचे हात हातात घेऊन पाहिले. खरोखरच भरल्या होत्या. त्याला बरं वाटलं आणि आपल्याला बरं वाटतंय याचं वाईटही वाटलं.

म्हशी पुढच्या पावसाआधीच गेल्या. घाटाखालचा एक व्यापारी टेंपो घेऊन आला आणि वाडीतल्या शंभर-सव्वाशे म्हशी त्याने आठ खेपांत नेल्या. कुठे नेणार, हे त्याला कुणी विचारलं नाही. बिरूची मोरी म्हैस टेंपोत चढेना. शेवटी त्याने स्वतः पुढे चढून तिला हाक मारली, तेव्हा ती निमूट वर आली. तो बाजूच्या फटीतून खाली उतरला.

*

वाडीच्या वर डोंगराच्या खांद्यावर चाळीसेक एकरांचं गवताळ रान होतं. त्याला सगळे तांबजाईचं कुरण म्हणत. ते कुणा एकाचं नव्हतं, साऱ्या वाडीचं होतं. तिथे गाळाची माती नव्हती. जांभ्या दगडावर वीतभर थर, बस. पण त्यावर पावसाळ्यात कमरेएवढं गवत यायचं आणि गवताच्या बुडाशी भाद्रपदात इतकी फुलं उमलायची की पायवाट शोधावी लागे. जांभळी, पिवळी, पांढऱ्या बटणांसारखी, निळ्या थेंबांसारखी.

कापणीचे नियम होते. ते कुणी लिहिलेले नव्हते, पण मोडत कुणी नव्हतं. कुसळं गळून जमिनीत रुतल्याशिवाय विळा लावायचा नाही. कापत यायचं ते वरून खाली. दरसाल एक पट्टा देवीच्या नावाने तसाच ठेवायचा आणि पुढच्या साली तो बदलायचा. वाडीतली बावीसच्या बावीस घरं उतरत आणि वीस दिवसांत डोंगर मोकळा करत. मग गंज्या रचल्या जात. गंज्या झाल्या की म्हशी महिनाभर कुरणात सुटायच्या, उरलेलं खुडायच्या, खुरांनी माती हलवायच्या.

पुण्याच्या एका संस्थेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. नेत्रा लिमये दर भाद्रपदात तिथे यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या सडसडीत विद्यार्थिनी होत्या. आता केसांत पांढरं दिसू लागलं होतं. त्या मीटरभर लांबीरुंदीची लोखंडी चौकट गवतात ठेवत आणि तिच्या आत गुडघ्यांवर बसून झाडं मोजत. बिरूला पहिल्या वर्षी वाटलं होतं, बाईचं काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या वर्षी तो चौकट उचलून देऊ लागला. पाचव्या वर्षी बाईंना एखाद्या झाडाचं नाव आठवलं नाही तर तो वाडीतलं नाव सांगायचा आणि त्या तेच आधी लिहून घ्यायच्या.

"एका चौकटीत एकतीस जाती, बिरूमामा," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "एवढ्या जागेत एवढ्या जाती जंगलातसुद्धा मिळत नाहीत."

"देवाची करणी."

"देवाची थोडी. बाकी तुमच्या विळ्याची."

त्याला ती थट्टा वाटली होती.

कुरण पहिल्यांदाच न कापता राहिलं, त्यानंतरचा भाद्रपद आला आणि नेत्राताईंनी त्याला चौकटीपाशी बसवलं. वरवर पाहता रान आधीपेक्षा दाट आणि हिरवं दिसत होतं. त्यांनी बोटांनी गवत बाजूला सारलं. खाली गेल्या सालचं आडवं पडलेलं, भिजून काळं झालेलं गवत गोधडीसारखं पसरलं होतं.

"ही बारकी फुलझाडं एका सालाची असतात. बी पडतं, पाऊस येतो, कोंब उठतो. पण कोंबाला पहिल्या आठवड्यात ऊन लागतं. आजवर तुम्ही गवत कापून न्यायचात, म्हणून जमीन उघडी असायची. आता ऊन खालपर्यंत येतच नाही. दुसरं असं, की गवत नेलं की मातीतला कसही थोडा जायचा. माती हलकी राहायची. हलक्या मातीत कुणी एकच माजत नाही, म्हणून सगळे राहतात. आता हे कुजून माती जड होईल आणि जे दांडगं असेल ते बाकीच्यांना खाईल."

"दांडगं कोन?"

त्यांनी दोन हात अंतरावर बोट दाखवलं. रानमोडी तणाची चार कोवळी रोपं, टवटवीत, माना वर काढून उभी होती.

"उपटून टाकू," म्हणून बिरू उठला. चारही उपटली. मग त्याने वर पाहिलं. उतारभर तशीच कोवळी पालवी चमकत होती. हातातली रोपं कुठे टाकावीत हे त्याला काही वेळ सुचलं नाही.

*

नेत्राताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी कुठून कुठून मंजुरी आणली आणि त्या दिवाळीनंतर वाडीतल्या दहा जणांना कुरण कापायला मजुरी मिळाली. सगळं नाही, निदान आठ एकर. बिरूने विळ्यांना धार लावली. पहिले चार दिवस जुन्या दिवसांसारखेच गेले. बायका गाणी म्हणत नव्हत्या, पण बोलत तरी होत्या.

पाचव्या दिवशी म्हातारा धुळा विळा खाली टाकून बांधावर बसला.

"बिरू, ह्ये कापून न्यायचं कुटं?"

"गंजी लावायची."

"आन खानार कोन?"

गंज्या लागल्या. पहिल्या पावसात त्या भिजल्या, दुसऱ्यात बसल्या, आणि श्रावणात त्यांच्यावर पांढरी छत्र्यांची बुरशी उगवली. त्यांच्या काळ्या पाण्याचा ओघळ उतारावरून खाली आला, त्या वाटेवर एकही फूल आलं नाही. पुढच्या वर्षी कापायला चौघे आले. त्याच्या पुढच्या वर्षी एकटा बिरू आला.

"मजुरी हाय की. मग का येत न्हाईसा?" त्याने धुळाला विचारलं.

"आरं, मानसानं खड्डा खनायचा आन पुन्यांदा बुजवायचा, तसलं काम हाय ह्ये. त्याची मजुरी घेताना लाज वाटती."

बिरूलाही लाज वाटत होती. पण तो कापत राहिला. एका माणसाच्या हाताने अर्धा एकर होतं. तेवढ्या तुकड्यात पुढच्या भाद्रपदात फुलं आली. उरलेल्या साडेएकोणचाळीस एकरांत रानमोडी आता छातीपर्यंत आली होती, आणि तिच्या आडोशाने कारवी आणि घाणेरी वर येत होत्या. वरून पाहिलं तर डोंगराच्या खांद्यावर कुणी लुगड्याचा तुकडा वाळत घातलाय, असा त्याचा अर्धा एकर दिसायचा.

"एवढं पुरंल का ताई?" त्याने विचारलं.

नेत्राताई खोटं बोलत नसत. "नाही," त्या म्हणाल्या. "बी वाऱ्याने येतं-जातं, माश्या-फुलपाखरं लांबून येतात. एवढ्याशा तुकड्यात ते टिकत नाही. पण तुम्ही थांबू नका."

*

थांबावं लागलं, त्याचं कारण वेगळंच होतं.

एका सकाळी वाडीवर तीन गाड्या आल्या. जिल्ह्याच्या हरित विभागाचे एक तरुण अधिकारी उतरले. सभामंडपात पडदा लावून त्यांनी उपग्रहाची चित्रं दाखवली. पहिल्या चित्रात तांबजाईचं कुरण पिवळट तपकिरी होतं. शेवटच्या चित्रात ते गर्द हिरवं होतं.

"सात वर्षांत हरित निर्देशांकात एवढी वाढ साऱ्या तालुक्यात कुठंही नाही," साहेब मनापासून आनंदाने म्हणाले. "पडीक माळाचं तुम्ही वन केलंत. काहीही खर्च न करता. हा झाडझाडोरा हवेतला कर्ब धरून ठेवतो. त्याच्या मोबदल्यात वाडीला नळपाणी आणि डांबरी रस्ता मंजूर झालाय. अट एकच. या क्षेत्रात कापणी, चराई, तोड काही होता कामा नये."

बिरू उठला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती.

"सायेब, त्ये पडीक न्हवतं. कुरन होतं."

"तेच म्हणतो मी, काका. गवताचा माळ होता."

"गवाताचा न्हवं..." बिरू अडला. एका चौकटीत एकतीस जाती, हे कसं सांगायचं ते त्याला कळेना. "त्यात बारीक बारीक लय काय काय होतं. वरनं दिसत न्हाय त्ये."

साहेब हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. "वरून दिसत नाही ते मोजणार कसं, काका?"

बिरूने इकडेतिकडे पाहिलं. नेत्राताई असत्या तर बोलल्या असत्या. पण त्या पुण्यात होत्या, आणि त्यांची पत्रं साहेबांच्याच कचेरीत वर्षभर पडून होती. ठराव मांडला गेला. हात वर होऊ लागले. समोर बायकांत हौसा बसली होती. या वाडीतल्या बायकांनी अख्ख्या जन्मात उन्हाळा म्हणजे झऱ्यावरच्या खेपा, एवढंच पाहिलं होतं. हौसाच्या मणक्याचं दुखणं त्या खेपांचंच होतं. ती बिरूकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत धाक नव्हता. तिने नुसतं बघितलं आणि नजर खाली घेतली.

बिरूने हात वर केला.

घरी येताना हौसा म्हणाली, "तुमी न्हाय म्हनला असता तरी मी काय बोलले नसते."

"म्हनून तर न्हाय म्हनवलं न्हाय," तो म्हणाला.

त्या दिवाळीनंतर तो आपल्या अर्ध्या एकरात गेलाच नाही असं नाही. एकदा गेला. पहारेकरी शेजारच्या वाडीतला होता, त्याच्या ओळखीचा. त्याने बिरूच्या हातातला विळा हळूच काढून घेतला, पातं वाळक्या पानाने पुसलं आणि परत दिला. "मामा, माझी आय बी हितंच कापायची," तो म्हणाला. "पन वर डोळा हाय. एवढा तुकडा पिवळा दिसला तरी साऱ्या वाडीचं पानी बंद व्हईल. मला नका आडचनीत घालू."

बिरू माघारी फिरला.

*

पुढच्या भाद्रपदात नेत्राताई आल्या त्या एकट्या. संस्थेने प्रकल्प बंद केला होता; जिथे मोजायचं उरलं नाही तिथे मोजणी कसली, असं त्यांना कळवलं होतं. त्यांनी पदरची रजा काढली होती.

जुन्या शंभर चौकटींच्या जागा शोधायला दोघांना दोन दिवस लागले. रानमोडी डोक्यावर गेली होती. बिरू पुढे होऊन अंगाने झाडोरा दाबायचा, ताई मागून वाकून यायच्या. चौकट जमिनीला टेकवायलाही जागा मिळेना. ताई आकडे पुटपुटत होत्या. चार. तीन. पाच. तीन. नंतर पुटपुटायच्या बंद झाल्या, नुसतं लिहू लागल्या.

सत्त्याहत्तराव्या जागी बिरूने हात वर करून त्यांना थांबवलं. एका कारवीच्या काटकीवर दोऱ्याएवढी वेल चढली होती आणि तिला बोटभर उंचीचं एक फूल आलं होतं. खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं एकत्र जुळलेली, आत हिरवट उजेड भरल्यासारखं. वाडीत त्याला दिवटी म्हणत. ती कंदीलपुष्पांच्या कुळातली, आणि नेत्राताईंच्या माहितीप्रमाणे जगात फक्त या डोंगरावर होती.

ताई बराच वेळ तिच्यापुढे बसल्या. मग त्यांनी विचारलं, "बिरूमामा, काढून नेऊ? इथं ठेवली तर पुढच्या साली नसेल. नेली तर काचघरात कदाचित जगेल. मला ठरवता येत नाही."

"मला इचारता?"

"दुसरं कुणाला विचारू?"

लहानपणी या वेलीचे कंद उकरून सगळी पोरं खात. इतक्या असायच्या. बिरूने बोटांनी माती उकरली. सावलीने आणि कुजीने ती मऊ, काळी झाली होती; त्याच्या ओळखीची ती लाल खरबरीत माती नव्हती. सुपारीएवढा कंद हाताला लागला. मुळं न तुटू देता त्याने तो वर काढला आणि ताईंच्या ओल्या फडक्यात ठेवला.

"न्या," तो म्हणाला.

*

दिवटी जगली. काचघरात जांभ्याचा चुरा, हलकी माती, मोजून पाणी, मोजून ऊन. तिच्या एका कंदाचे तीन झाले. तिन्ही वेली पुढच्या श्रावणात फुलल्या आणि बिरूच्या फोनवर फोटो आले. त्याने ते हौसाला दाखवले. हौसा म्हणाली, "लय दिसांनी बघितली गं बया."

भाद्रपद संपता संपता ताईंचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"फुलं येतात मामा, पण बी धरत नाही. एकही शेंग नाही. कंदाने वाढवत नेली तर ती एकाच वेलीची नक्कल होत राहते, चार-दोन वर्षांत रोग आला की सगळी एकदम जाते. बी हवंच. या फुलात एक बारीक माशी शिरते. वासाला भुलून आत जाते, रात्रभर अडकते, सकाळी फूल मान टाकतं तेव्हा परागकण घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. दुसरी कुठलीच माशी चालत नाही, आम्ही बऱ्याच सोडून बघितल्या. माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीचं एक फूल औषधात ठेवलेलं आहे, त्यात ती सापडली. फोटो पाठवलाय. तुम्ही ही कुठं पाहिली आहे का?"

बिरूने फोटो उघडला. मोहरीएवढी माशी, पाठीवर हिरवी झाक, पंखांवर दोन ठिपके. आठवायला त्याला क्षणभरही लागला नाही.

"ही शेनमाशी की ताई. शेनाच्या ताज्या पवट्यावर बसायची. हजारांनी. पाटी उचलली की भुर्रकन उठायची."

"कुणाच्या शेणावर?"

"म्हशीच्या."

"गव्याच्या शेणावर बसते का?" ताईंनी विचारलं. "जंगलात गवे आहेत अजून."

"न्हाय बसत. गव्याचं शेन लगीच खपली धरतंय. म्हशीचं वलं ऱ्हातंय."

"हरियाणात एका संस्थेनं काही म्हशी राखल्यात..."

"तिकडली माशी हीच आसंल का?"

"नसेल," ताई म्हणाल्या.

"म्या बगतो," बिरू म्हणाला. "चार दीस द्या मला. कुनी एखांदी ठिवलीबी आसंल."

तो दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाला. तिन्ही खोऱ्यांतल्या वाड्या पायी पालथ्या घातल्या. सगळीकडे त्याला ओळखत होते, सगळीकडे त्याला चहा मिळाला, टाकीच्या दुधाचा, चांगला दाट. गोठे होते. एकात मोटरसायकली होत्या, एकात पिठाची गिरणी, एकात लग्नाच्या मांडवाचं सामान. एका म्हातारीकडे म्हैस आहे असं कुणी सांगितलं म्हणून तो गेला, तर तिने त्याला भिंतीतला खुंटा दाखवला. दावं अजून त्याला बांधलेलं होतं. म्हैस गेल्या संक्रांतीला मेली, असं ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तो घरी आला तेव्हा दिवस कलला होता. हौसा नुकतीच कामावरून उतरली होती. नळाखाली पाय धूत होती.

"घावली?"

त्याने मान हलवली. मग ओट्यावर बसत, वेडा प्रश्न आहे हे कळत असूनही, त्याने विचारलं, "हौसा, तुमच्या कारखान्यात न्हाय व्हय एखांदी? म्हंजे त्ये... दूध पयलं कशावरनं केलं, त्यासाठी ठिवलेली?"

हौसाला आधी हसू आलं. मग तिने त्याचे पाय पाहिले, धुळीने मांडीपर्यंत माखलेले, आणि तिचं हसू गेलं.

"चित्र हाय," ती म्हणाली. "फाटकावर. मोटं हाय."

तिने नळ बंद केला, पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापाशी आणून ठेवला आणि शेजारी बसली. बिरूने फोन काढून नेत्राताईंना लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"ताई," तो म्हणाला, "इकडं न्हाय मिळायची."

"बरं," त्या म्हणाल्या.

फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.